बावखलाचा काळा-पांढरा फोटो

गिरीज गावात कुणी वारलं की पहिला निरोप फादरकडे जातो, दुसरा कबर खणणाऱ्याकडे आणि तिसरा सॅन्टन तुस्कानोकडे. सॅन्टन शवपेट्या बनवत नाही. तो फोटो काळे-पांढरे करतो. लग्नातला, बाप्तिस्म्यातला, ओट्यावर बसून लसूण सोलतानाचा, मिळेल तो रंगीत फोटो घेऊन घरची माणसं त्याच्या दारात येतात. तो मागचं झुंबर, समोरचा केक, शेजारच्या काकीचा खांदा असं सगळं पुसून टाकतो, चेहऱ्यावरचा रंग उतरवतो, आणि चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेआधी फ्रेम तयार असते. ही फ्रेम पुढच्या खोलीत येशूच्या तसबिरीशेजारी लागते. गावात आता तो रिवाजच पडून गेला आहे. जिवंत माणसाचा फोटो रंगीत, गेलेल्याचा काळा-पांढरा, आणि तोही सॅन्टनच्या हातचा. यासाठी तो कुणाकडून काही घेत नाही, आणि त्यावरून बायको फ्लॉसी त्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

खरं तर हा माणूस रंगांचा. वसई पूर्वेच्या एका रंगाच्या कारखान्यात त्याची सगळी नोकरी झाली. गिऱ्हाईक चिंधीचा तुकडा आणून टाकायचं, हुबेहूब हाच रंग हवा म्हणायचं, आणि सॅन्टन तो जुळवून द्यायचा. केळीच्या पानाचा हिरवा आणि नारळाच्या झावळीचा हिरवा यांत त्याला आंब्या-फणसाइतका फरक दिसतो. जेवताना आमटीचा रंग आज जरा तांबडा झालाय, असं तो म्हणतो तेव्हा फ्लॉसी डावच उगारते. रिटायर झाल्यावर त्याने कॅमेरा घेतला. लोक कॅमेरा घेऊन ताडोबाला जातात, हा घराच्या मागच्या दाराने बाहेर पडून बावखलाच्या काठावर जाऊन बसायला लागला.

बावखल म्हणजे वाडीतलं तळं. वसईच्या जुन्या वाड्या याच पाण्यावर वाढल्या. काठावर रहाट फिरायचा, पाणी पाटाने केळीत आणि भाजीत जायचं, आणि बावखल भरलेलं असलं की आसपासच्या विहिरींचं पाणी गोड राहायचं. पुढे पंप आले, मग बोअर आल्या, आणि बावखल म्हणजे फुकट अडलेली जागा असं लोकांना वाटायला लागलं. एकेक करून ती मातीने बुजली. वर बंगले उभे राहिले, बंगल्यांना नावं मात्र 'लेक व्ह्यू' वगैरे. सॅन्टनच्या घरामागचं बावखल तेवढं शिल्लक होतं. कडेने जलपर्णी, पाण्यावर ओणवा झालेला एक माड, रहाट ज्यावर टेकायचा तो मोठा दगड, आणि माडाच्या सुकल्या झावळीवर रोज सकाळी येऊन बसणारा खंड्या. पाठ झळझळीत निळी, पोट तपकिरी, छाती पांढरी, चोच लाल. कारखान्यात कुणी हे चार रंग एकाच डब्यात मागितले असते तर सॅन्टनने त्याला वेड्यात काढलं असतं.

पण बावखल त्याचं नव्हतं. वाटणीत त्याला रस्त्याकडचं घर आलं, आणि मागची वाडी बावखलासकट धाकटा भाऊ ज्युड आणि त्यांची बेटी आत्या यांच्या नावावर गेली. ज्युडला ती विकायची होती. घेणाऱ्याची एकच अट होती, आधी बावखल बुजवून जमीन सपाट करून द्यायची. ज्युडची सही केव्हाच तयार होती. अडलं होतं ते बेटी आत्यापाशी.

बेटी आत्याने लग्न केलं नाही. उभा जन्म त्या वाडीत गेला. रहाटाचा बैल हाकला, बावखलात भाज्या धुतल्या, आईबापाच्या मागे सॅन्टन-ज्युड या भाच्यांना वाढवलं. गुडघे गेले तसं ज्युडने तिला विरारला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. चौथा मजला, आणि लिफ्टचं काही खरं नाही, म्हणून म्हातारी दोन वर्षांत गिरीजला आली नव्हती. ज्युड कागद पुढे करायचा आणि ती प्रत्येक वेळी एकच वाक्य बोलायची.

"बावखलात पानी हाय तवर माझी सही मागू नको."

त्यामुळे दर रविवारी मिस्सा झाली की सॅन्टन विरारला जायचा. मोबाइलवर त्या आठवड्याचे फोटो दाखवायचा. म्हातारी पक्ष्यांकडे ढुंकूनही बघायची नाही. तिची नजर आधी रहाटाचा दगड शोधायची. पाणी दगडाला लागलेलं दिसलं की मान हलवायची आणि मग घरची, गावची, कोण आजारी, कोण परदेशी गेलं अशी चौकशी सुरू व्हायची. ही त्या दोघांची रीत होती. ज्युड आतल्या खोलीतून हे ऐकायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

सॅन्टनला कळत होतं की एका म्हातारीच्या शब्दावर तळं किती दिवस टिकणार. ज्युडशी वाद घालायचा तर हा बोलण्यात कच्चा. तोंड उघडलं की पहिल्या वाक्याला ततपप. आपल्याला जे म्हणायचंय ते फोटोत म्हणावं, असं त्याने ठरवलं. गावातल्या चार माणसांनी ते बावखल भिंतीवर मोठं करून लावलेलं पाहिलं, तर बुजवायला ज्युडलाच लाज वाटेल, असा त्याचा हिशेब. हिशेब भोळा होता, पण मनापासून केलेला होता.

संधीही चालून आली. प्रल्हाद सर म्हणून विरारला राहणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक हौशी फोटोवाल्यांचं मंडळ चालवत. नोव्हेंबरात गिरीजच्या चर्चच्या हॉलमध्ये निसर्ग आणि प्राण्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं त्यांनी ठरवलं. सॅन्टनचा आनंद गगनात मावेना. मग सरांनी अट सांगितली. सगळे फोटो काळे-पांढरे हवेत. रंग म्हणजे नुसती भुरळ, सर म्हणाले, रंग काढून घेतले की चित्राचं हाड दिसतं.

सॅन्टन घरी येऊन फ्लॉसीला म्हणाला की यात काय मोठंसं, मी तर गावभर हेच करतो. एक बटण दाबायचं.

त्याने बटण दाबलं आणि खंड्या नाहीसा झाला.

म्हणजे खंड्या होता तिथेच होता, झावळीवर. पण निळी पाठ आणि मागची हिरवी पानं, दोन्ही उतरून एकाच राखाडीची झाली होती. त्या राखाडीत पक्षी कुठे संपतो आणि जलपर्णी कुठे सुरू होते ते खुद्द सॅन्टनला सापडेना. त्याने चष्मा पुसला. स्क्रीन पुसली. फ्लॉसीला बोलावून विचारलं, यात काय दिसतं. फ्लॉसीने नीट बघून झाड असं सांगितलं.

माणसाच्या चेहऱ्याचं बरं असतं. कातडी उजळ, केस काळे, रंग गेला तरी माणूस राहतो. इथे सगळा खेळ रंगांचाच होता. ज्या दोन हिरव्यांत सॅन्टनला आंब्या-फणसाइतका फरक दिसायचा, ते कॉम्प्युटरच्या लेखी जुळे भाऊ निघाले. मग तो एकेका रंगाची पट्टी ओढून बघू लागला. निळा उजळ केला, तर खंड्या दिसायला लागला, पण पाण्यात पडलेलं आभाळही उजळून भगभगलं. हिरवा काळा केला, तर पक्षी सुटा झाला आणि सगळी वाडी जळाल्यासारखी झाली. लाल वाढवला तर चोचच तेवढी पांढरी होऊन खडूच्या तुकड्यासारखी लटकली. नुसत्या पक्ष्याला उजाळा द्यावा, तर तो वरून चिकटवल्यासारखा दिसे. एक धरावं तर दुसरं सुटत होतं. रंगांच्या कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाला रंग नसताना काय करायचं तेच कळेना, आणि याचा त्याला भयंकर राग आला. कारखान्यात त्याने कधी डबा परत येऊ दिला नव्हता.

राग निघायचा कुणावर, तर फ्लॉसीवर. चहा गार का, पंख्याचा आवाज का, दाराची बेल कोण वाजवतंय. एकदा ती खुर्चीमागे उभी राहून बराच वेळ बघत होती. म्हणाली, हे बघितलं की मला आपले मामा आठवतात, गेल्या वर्षी तुम्ही ज्यांचा फोटो केला ते. सॅन्टन तिच्यावर खेकसला. हा मेलेल्याचा फोटो नाही, ही कला आहे, असं काहीतरी तो बोलला. फ्लॉसीने हात जोडले आणि भाजी निवडायला निघून गेली. बाई बरोबर बोलली होती, पण बरोबर बोलणाऱ्याचं त्या दिवसांत घरात काही चालत नव्हतं.

त्यात नोव्हेंबर म्हणजे मृतांचा महिना. कबरींवर फुलं, मेणबत्त्या, आणि सॅन्टनच्या दारात जुन्या फ्रेम नव्या करून मागणारी माणसं. दिवसा त्यांचे फोटो, उरलेल्या वेळात खंड्या. या सगळ्यात विरारचा रविवार चुकला. मग पुढचाही चुकला. त्याने फोनवर बेटी आत्याला सांगितलं की कामात आहे, प्रदर्शनात मोठाच फोटो बघशील. म्हातारीला फोनवर नीट ऐकू येत नाही. ती बरं म्हणाली.

शेवटी प्रल्हाद सर घरी आले. त्यांनी सॅन्टनने केलेले सगळे प्रकार बघितले आणि म्हणाले, "तुस्कानो, तुम्ही अजून रंगच बघताय. रंग विसरा, उजेड बघा."

उजेड बघा. सॅन्टनला वाटलं, सांगायला काय जातं. पण दुसरा मार्ग नव्हता. रोज उन्हं वर यायच्या आत तो काठावर जाऊन बसू लागला. आणि एका सकाळी ते जमलं. सूर्य समोर, पाण्यावर धुकं, पाणी अख्खं पत्र्यासारखं पांढरं, आणि त्या पांढऱ्यावर झावळी आणि खंड्या काळेभोर. छातीवरचा पांढरा डाग तेवढा चमकत होता. घरी येऊन त्याने हिरवा पार काळा करून टाकला. कडेची जलपर्णी, माडाचं खोड, रहाटाचा दगड, सगळं त्या काळ्यात बुडालं. राहिलं काय, तर एक पांढरं मैदान, एक वाकडी काळी रेघ आणि तिच्यावर एक पक्षी.

सर बघतच राहिले. म्हणाले की आता हे बावखल कुठल्याही काळातलं वाटतं, शंभर वर्षांपूर्वीचंसुद्धा. सॅन्टनने ही शाबासकी जपून ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो त्या रात्री नीट जेवला आणि आमटीच्या रंगाबद्दल काही बोलला नाही.

प्रदर्शनाला गाव लोटला. फोटो समोरच्या भिंतीवर, सगळ्यांत मोठा. खाली पट्टी: 'तुस्कानो यांचं बावखल, गिरीज'. लोक समोर उभे राहत, हळू आवाजात बोलत, काही जण तर नकळत टोपी काढत. सॅन्टनला वाटलं, परिणाम होतोय. एका बाईने कपाळाला, छातीला हात लावून क्रूसाची खूण केली, तेव्हाही त्याला असंच वाटलं की चित्र भिडलं. मात्र त्याला धड तिथे उभंही राहता येईना, कारण हॉलची एक ट्यूबलाइट मिचमिचत होती आणि तिचा उजेड नेमका त्याच्या फोटोवर. तो शिडी शोधायला गेला, शिडीवाला चावी शोधायला गेला, वायरमनचा फोन लागेना. परत आला तेव्हा कुणीतरी सांगितलं की ज्युड आत्याला घेऊन आला होता, खुर्चीत बसवून, आणि बघून गेले. सॅन्टनला हळहळ वाटली. तो म्हणाला, असू दे, रविवारी फोटोच घेऊन जाईन.

रविवारी मिस्सा झाल्यावर त्याने फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळली आणि विरारला गेला. लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यापर्यंत फ्रेम वाहून नेताना त्याने मनात वाक्यं जुळवली. आज तो ज्युडशी बोलणार होता. सगळ्या गावाने बघितलंय, आता तूच सांग, असं काहीसं.

दार ज्युडनेच उघडलं, आणि मोठ्या भावाला चक्क मिठी मारली. फोटो झकास झाला म्हणाला, एकदम क्लास. मग त्याने सॅन्टनला सोफ्यावर बसवलं आणि म्हणाला की बुधवारी सगळं उरकलं, आत्या स्वतः रजिस्टर ऑफिसला आली, सही केली, अंगठाही दिला. भराव नाताळानंतर सुरू करणार.

सॅन्टनला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्याने जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली होती. तू तिला काय सांगितलंस, एवढं त्याने कसंबसं विचारलं. ज्युड म्हणाला की मी काहीच सांगितलं नाही, आईशप्पथ, प्रदर्शनावरून गाडीत बसलो तेव्हा तीच म्हणाली, कागद आण. त्याचा चेहरा खरं बोलणाऱ्या माणसाचा होता.

बेटी आत्या आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. समोरच्या भिंतीवर तिची माणसं ओळीने लागलेली होती. आई, बाप, सॅन्टनचा बाप, सॅन्टनची आई. सगळी काळी-पांढरी, सगळी सॅन्टनच्या हातची. त्या ओळीच्या शेवटी एक नवा खिळा होता.

"आनलास?" म्हातारी म्हणाली. "लाव तिथं. खिळा मारून घेतलाय मी."

चादरीतली फ्रेम हातात धरूनच सॅन्टनने विचारलं की आत्या, सही का केलीस, तू तर म्हणायचीस पाणी आहे तोवर नाही.

"मग कुठं राहिलं पानी?" ती शांतपणे म्हणाली. तिचा आवाज रडून झालेल्या माणसाचा होता. "बघितलं ना मी हॉलात. सगळं पांढरं, भराव टाकून चुना मारल्यासारखं. दगड शोधला, दगडपन नाय. वाडीत जाऊन बघायचा धीर झाला नाय. तू दोन रविवार आला नाय तेव्हाच मला वाटलं, काय झालं ते तुला सांगवत नाय."

"आत्या, बुजलेलं नाही ते. पाणी आहे. दगडाला लागलंय."

म्हातारीने मान वर केली. सॅन्टनने फ्रेम पलंगावर टाकली, खिशातून मोबाइल काढला, आणि आदल्या दिवसाचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. हिरवं पाणी. जलपर्णीची जांभळी फुलं. रहाटाचा दगड, त्याला टेकलेलं पाणी. वर कोपऱ्यात, कुणाचं लक्षही जाणार नाही असा, निळा खंड्या.

तिने मोबाइल हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ती दगडावर बोट ठेवून बसली. बोट लागून फोटो मोठा झाला, सरकला, तरी तिने ते काढलं नाही.

"हा कधीचा?"

"कालचा."

स्वयंपाकघरातून ज्युडने चहात साखर किती म्हणून विचारलं. म्हातारीने मोबाइल त्याच्या हातात परत दिला, आणि भिंतीवरच्या आपल्या भावाकडे, भावजयीकडे, आईबापाकडे एकदा बघून घेतलं.

"मग जित्याचा फोटो काळा कशाला केलास, सॅन्टू?"

सॅन्टनकडे उत्तर होतं. रंग म्हणजे भुरळ, हाड दिसतं, उजेड बघायचा. गेले कित्येक दिवस तो तेच शिकला होता. त्यातलं एक अक्षर त्या खोलीत बोलण्यासारखं नव्हतं.

"दुसऱ्या कुनी केला असता तर मी मानलं नसतं," ती म्हणाली. "तू केलास म्हनून मी सही केली."